आपल्याच पोरीविरुद्धची केस

खरं सांगते, विद्यापीठाचा मुख्य वकील म्हणजे रोज कोर्टात गर्जना, असं वाटून मी लंडनला कायदा शिकून थेट नाशकात, इथल्या विद्यापीठाच्या मुख्य वकिलांच्या हाताखाली आले. आमचे सर मात्र दिवसभर फोनवर तडजोडी करत! कंटाळून मी मुंबईच्या एका फर्मची नोकरी जवळपास पक्की केली होती.

तेवढ्यात सुरगाण्याच्या एका विद्यार्थिनीची विद्यापीठाला कायदेशीर नोटीस आली. आईवडिलांबरोबर दिंडोरीला द्राक्षतोडणीला गेल्यामुळे हजेरी कमी पडली, म्हणून विद्यापीठाने तिला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. मी धावतच सरांकडे गेले.

"सर, नियम आपल्या बाजूने! शंभर टक्के जिंकणार!"

"आणि तिचं वर्ष?"

"जाईल."

"म्हणजे हरवलंस कुणाला बाई? आपल्याच पोरीला?"

त्यांनी तिथल्या तिथे कुलगुरूंना फोन लावून तिला सवलत मिळवून दिली. संध्याकाळी पोरगी हॉल तिकीट नाचवत आली!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुंबईला कळवलं, "येत नाही. मला इथे केस न लढायला शिकायचंय!"