मलमलीचा तुकडा

हात जरा वर करा, बाहीचं माप घेतो — आणि बघा की बिनधास्त, सगळेच बघतात. शिंप्याचाच सदरा डाव्या बगलेखाली कापलेला, हेच ना? मीच कापलाय. नागीण झाली होती, बरगडीवरनं पार पाठीपर्यंत. फोड आले, वाळले, खपल्या पडल्या — लोक म्हणाले, सुटलास. कसला सुटतोय! डॉक्टर म्हणाले, कातडी बरी झाली पण आतली नस दुखावलीय, ती आता उगाचच ओरडत राहणार. कापड नुसतं टेकलं तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. जाडंभरडं परवडलं, मऊ कापड जास्त छळतं. जन्मभर कापडावर पोट भरलं आणि कापडच उलटलं — खांदे सैल सोडा.

पण कापड मुकं, त्याच्यावर काय रागवायचं? माणसांचं सांगतो. वरून काही दिसत नाही, मग दुखणं खरं कशावरून? धाकट्या भावाला काज करण्यापासून मी शिकवलं, तो म्हणायला लागला, दादाला मशीनवर बसायचा कंटाळा आलाय. म्हणू दे, लहान आहे — श्वास कोंडू नका, कोट छातीत आवळेल. एकदा दुपारी इथंच, या टेबलावर, उजव्या कुशीवर पडलो होतो डोळे मिटून. दोघं आले, तो आणि माझी बायको. फोड होते तेव्हा हिनंच औषध लावलं बरं का, पिसासारखा हात तिचा. आणि तिचाच आवाज आला, हळू —

"टाका भावोजी, झोपलेत. खरं असेल तर ओरडतील."

बरगडीवर पडला तो मलमलीचा तुकडा होता. ओरडलो का? नाही. दात आवळले, उशी भिजली, पण हूं की चूं केलं नाही. का म्हणजे? जी माणसं अशी परीक्षा घेतात त्यांना उत्तर कशाला द्यायचं? तेवढाच माझा राग. आणि झालं काय — भाऊ म्हणाला, बघितलंत वहिनी? तुकडा उचलायचंही कुणाला सुचलं नाही. तेव्हापासून मी ढोंगी. आता खरंच ओरडलो तरी ढोंगीच.

झालं तुमचं माप, शिवेल भाऊच — हात का पुढे केलात? धीर द्यायला, की तुम्हालाही बघायचंय?

या तुम्ही आता. आणि दार हळू ओढा, वारा लागतो.