ओटीचे लाडू

लाडवाचं ताट जरा तिकडे सरकव वं. काहून म्हणतेस? ऐक.

आमच्या संस्थेत माझं कामच हे, गरोदर बायांले सांगायचं की उपाशी राहू नका. त्या दिवशी बुटीबोरीच्या वस्तीत आम्ही ओटीभरण ठेवलं होतं. सुनीताले सातवा महिना, अंगात रक्त कमी. तिले दहा वाजताच सजवून खुर्चीत बसवलं. मागे ‘सुदृढ माता’चं बॅनर, समोर शेंगदाण्याच्या लाडवांचं ताट. प्रमुख पाहुणे आले की ओटी भरायची, फोटो काढायचा.

अकराले त्यांना फोन केला. म्हणे, "निघूनच राहिलो." बाराले केला. म्हणे, "रस्त्यात आहो."

सुनीतानं हळूच विचारलं, "ताई, एक लाडू खाऊ का? इथं खायले भेटते म्हणून घरून उपाशीच आली."

मी म्हटलं, "थांब वं जराशी. ताट उष्टं दिसन फोटोत."

हो, मीच म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही.

पाऊण वाजता ती खुर्चीतून घसरली. बायांनी धरलं, तोंडावर पाणी मारलं, आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली.

"काय झालं हिले?" त्यांनी विचारलं.

"ऊन लागलं, सर," मी म्हटलं. मंडपात, पंख्याखाली ऊन.

तेवढ्यात सुनीतानं डोळे उघडले. पाहुण्यांकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि मले विचारलं, "ताई, फोटो झाला का? आता खाऊ?"