पेठेच्या विहिरीचे खोडलेले वाक्य

आजचे सन्माननीय अध्यक्ष आणि तामीरात म्हणजे बांधकाम खात्याचे प्रमुख, मोहतमीम सुंदररावसाहेब, व्यासपीठावरील तहसीलदारसाहेब, माजलगावच्या पेठेतील वडीलधारी मंडळी, आज ज्याला निरोप द्यायला आपण जमलो तो आमचा सिद्धलिंग, आणि पडद्यापलीकडे दाटीवाटीने बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

'मुलींच्या शाळेच्या सरस्वतीबाई आता चार गोड शब्द बोलतील' अशी माझी ओळख अध्यक्षमहाराजांनी करून दिली. आभारी आहे. गोड लिहिण्याबोलण्याचा मला जुना सराव आहे, आणि आज मला त्या सरावाबद्दलच बोलायचे आहे. हल्ली चार माणसे जमवायची तर इजाजत लागते. या निरोपाची इजाजत खुद्द साहेबांनी काढली. अशी संधी मला पुन्हा कुठून मिळणार?

सिद्धलिंग माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, म्हणून एकेरी बोलते. हैदराबादेत इमारतकाम शिकून तो इथे ओव्हरसियर म्हणून आला, तेव्हा घरांचे नकाशे आणि लोकांची दुखणी त्याच्या एकाच वहीत असायची. कोणत्या घरात चुलीचा धूर कोंडतो, तिथल्या बाईचे डोळे कसे आहेत, कोणाचा गोठा निजण्याच्या खोलीला लागून आहे, सगळे त्यात असे. हे लोकांपर्यंत गेले पाहिजे असे त्याला वाटे, पण त्याला लिहिता येत नव्हते. म्हणजे येत होते, पण कोणाला समजत नव्हते.

म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शाळेच्या ओसरीवर आमची बैठक सुरू झाली. धारूरचा बंकट आणि चौसाळ्याचा शहादेव हे त्याच्याच विद्येचे दोघेही यायचे. आमचा नियम एकच होता. लिहिलेले छबुबाईंना वाचून दाखवायचे. छबुबाई आमच्या शाळेत पाणी भरतात. त्यांना जे कळणार नाही ते खोडायचे.

सिद्धलिंगाच्या पहिल्या लेखाचे नाव होते 'गृहरचनेतील वायुवीजन'. छबुबाई दाणे निवडत ऐकत होत्या. सुपातून डोके वर न काढता त्या म्हणाल्या, "आप्पा, ह्ये घर हाय का पोथी? खिडकीला खिडकी म्हनायला लाज वाटती व्हय तुमाला?"

तो लेख सात वेळा लिहिला गेला आणि हैदराबादच्या साप्ताहिकात छापून आला. तो वाचून पेठेतल्या पाच घरांनी माळवदाला धूर जायला वाट केली. त्या घरच्या बाया इथे बसल्या आहेत. त्यांना विचारा, आता भाकरी थापताना डोळे पुसावे लागतात का?

नंतरचा लेख विहिरीचा होता.

मंडळी, आपल्या पेठेच्या विहिरीच्या वरच्या अंगाला सरकारी विश्रामगृह झाले, हे आपण जाणताच. ते अध्यक्षांच्या देखरेखीखाली झाले. त्याच्या शौचकूपाचा खड्डा विहिरीपासून किती दूर आहे? सिद्धलिंगाने मोजला. अकरा हात. मग त्याने रंगाऱ्याकडून घागरभर लाल रंग आणून खड्ड्यात ओतला. तिसऱ्या दिवशी सकाळी छबुबाईंच्या कळशीत पाणी लालसर आले. त्याने लेखात लिहिले, 'विश्रामगृहाच्या खड्ड्यात टाकलेला रंग तिसऱ्या दिवशी पेठेच्या विहिरीत उतरला.'

हे वाक्य मी खोडले.

होय, मीच. शाळेची परवानगी सरकारच्या हातात, साहेब मोठे अधिकारी, आणि सभ्य माणसे बोट दाखवून लिहीत नाहीत, असे मी माझ्या मनाला सांगितले. त्या जागी लिहिले, 'काही विहिरींच्या आसपास घाण साचते, याकडे संबंधितांनी लक्ष पुरवावे.' नियमाप्रमाणे छबुबाईंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "कोनती हीर, बाई?" मी त्यांना चहा टाकायला सांगितला.

लेख छापून आला. अध्यक्षमहाराज, आपण शाळेत येऊन म्हणाला होतात, "बाई, मराठी असावी तर अशी सौम्य." मला तेव्हा आनंद झाला होता.

आषाढात पटकीची साथ आली. पेठेतली नऊ माणसे गेली. त्यांत माझ्या भावाची नीला होती. अकरा वर्षांची. ती माझ्याकडे शिकायला राहिली होती. तो लेख तिला पाठ होता. ओट्यावर बसून ती बायांना म्हणून दाखवायची आणि तहान लागली की पेठेच्या विहिरीचे पाणी प्यायची. तिने दुसरे काय करावे? कोणती विहीर, हे तिच्या आत्याने लिहिलेही नव्हते आणि घरात सांगितलेही नव्हते.

सिद्धलिंगाने मी खोडलेले वाक्य नकाशासह साहेबांच्या कचेरीत दिले. कागदावर साहेबांचा शेरा आला, 'मुलाहिजा झाला. पाणी साफ.' म्हणजे पाहणी झाली, पाण्यात दोष नाही. आठ दिवसांनी बदलीचा हुकूम आला. आदिलाबाद. आणि आज हार घालायलाही साहेबच आले आहेत. नऊ घरांत ते आले नव्हते, पण कामे फार असतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

अध्यक्षमहाराज, उकडते आहे, पाणी घ्या. हा तांब्या मी स्वतः आपल्यापुढे ठेवला आहे. आपण मघाशी त्यातले अर्धा पेला पाणी घेतलेत, आता पुन्हा पेला उचललात. हे पाणी पेठेच्या विहिरीचे आहे, असे मी म्हटले तर आपण ते प्याल का?

आपण पेला खाली ठेवलात.

मंडळी, आपण सर्वांनी पाहिले. साहेबांचा शेरा कचेरीतल्या कागदावर आहे आणि साहेबांचा पेला इथे मेजावर आहे. कशावर विश्वास ठेवायचा ते आपण ठरवा.

घाबरू नका, साहेब. हे सिंदफणा नदीच्या वाळूतल्या झिऱ्याचे पाणी आहे. छबुबाईंनी पहाटे आणले, मी उकळले, दुहेरी फडक्यातून गाळले. आपल्याला दुखवायचे मनात नव्हते असे मी म्हणणार नाही. आषाढापासून मनात तेवढेच आहे. पण शेवटच्या दिवशी नीलाचे जे हाल मी पाहिले, ते माझ्या हातून कोणाचेही होणार नाहीत. एवढा सूड मला पुरतो, आणि तो आपल्याला जन्मभर पुरावा.

छबुबाई, तुम्ही पडद्यामागे आहात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला उशीर झाला. पेठेची विहीर. विश्रामगृहाखालची, अकरा हातांवरची. उद्यापासून तिथे कोणी कळशी बुडवू नये, आणि तो खड्डा बुजेपर्यंत साहेबांच्या कचेरीत रोज पेठेतल्या एका बाईने जाऊन विचारावे. उद्या मी जाईन.

सिद्धलिंग, आदिलाबादेतही घरे आहेत आणि विहिरी आहेत. लिहून पाठव. तिथली कोणी छबुबाई शोध आणि आधी तिला वाचून दाखव. ती ज्या वाक्याला हो म्हणेल, त्याला मी हात लावणार नाही.

अध्यक्षांनी इजाजत काढली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकले, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना उच्चारात, मानपानात काही उणे राहिले असेल तर सभेने ते पोटात घालावे. त्या एका वाक्याबद्दल मात्र मला इतक्यात माफ करू नये. खड्डा बुजल्यावर मी नऊ घरांत जाऊन ती माफी मागेन. नमस्कार.