काळा पडदा

तो राग माझा अजून उतरला नाही, बाई. लग्नाला दोनच महिने झालेले. राळेगावच्या आमच्या दुकानात कापसाच्या नुकसानीचे अर्ज टाइप करून घेणाऱ्यांची रांग असायची, आणि लाइट जाऊन आली की कॉम्प्युटरवर माउसने चालवायचा चित्रांचा पडदा यायला दहा मिनिटं. मी कॉम्प्युटर असा लावला, की आधी नुसता काळा पडदा यावा, अर्ज तिथेच लिहावा. चित्रांचा पडदा एक ठरावीक हुकूम टाइप केला तरच उघडावा.

काळा पडदा पाहून मोठे दीर माझ्या नवऱ्यावर ओरडले, "तुह्या बायकोनं मशीन जाळली! उद्यापासून तिनं दुकानात पाय ठेवाचा नाही."

यवतमाळहून मेकॅनिक आला. "जळली कुठं? तेज झाली! कोनं केलं हे?"

"म्याच," दीर म्हणाले.

मी दाराबाहेरून म्हटलं, "मग भाऊजी, चित्रं आणून दाखवा न."

काळ्या पडद्यावर ते माउस फिरवतच राहिले. हुकूम मला ठाऊक होता. पण दुकानात पाय ठेवायची मनाई होती ना.