बैलाचं एकेक पाऊल

नाही नाही ताई, त्या पाटावर नका ठेवू पर्स — तिथं मातीचा बैल चालून राहिला. हाव, चालूनच राहिला, तुमाले उभा दिसते ते गोष्ट वेगळी. इकडे बसा, या खुर्चीवर, खिडकीजवळ. कोपर जरा आत. अन हे तुमी दारात पाय ठेवताठेवता विचारलं ना — लग्न झाल्यावर पोरगी हे कार्टूनचं सोडन का म्हणून — त्याचं उत्तर देतोच मी. तयार आहे उत्तर. आकांक्षाच्या बाबांनी सकाळी भाजीबाजारात जाताजाता पाठच करून घेतलं माझ्याकडून — अमरावतीहून शिवमच्या आईचा, म्हंजे तुमचा, फोन आला, नाही तर त्या घरीच आल्या, तर एकच वाक्य बोलायचं, 'पोरगी तुमी म्हणसान तसं करन,' अन मंग चूप बसायचं. वाक्य सोपं आहे, चूप बसायचं तेच कठीण. पोरगी घरी असती तर तिनं सांभाळून घेतलं असतं, पण ती गेली तुमच्याच अमरावतीले, या बैलाच्याच पिक्चरमध्ये आवाज भरायले. तुमी तिकडून आल्या, ती इकडून गेली — मूर्तिजापूरजवळ तुमच्या दोघींच्या एसट्या एकमेकीले ओलांडून गेल्या असतीन. थांबा, एक मिनिट — याचा पाय एवढासा पुढे — हं. काढला फोटो. बोला. नाही, तुमी कुठं बोलता, मीच बोलून राहिली.

तर एक, कार्टून म्हणू नका तिच्यासमोर, चिडते. ॲनिमेशन म्हणते. मले आधी वाटे, एकच प्रकार असन — मशीनमध्ये चित्र टाकलं की पळते. तसं नसते जी. पहिलं आपलं हातानं काढलेलं. माणसानं हात वर केला, तर हात खाली, हात थोडा वर, अजून वर — असे कागदावर कागद ठेवून काढत राहा. एका सेकंदाले चोवीस चित्रं. मंग हुशार लोकं काय करतात, बाराच काढतात अन एकएक दोनदा दाखवतात, डोळ्याले समजत नाही. काटकसर कुठं नाही सांगा. कॉलेजात असताना तिनं पोळी लाटणारी बाई काढली. मी म्हटलं, अशी कोणी लाटते का, तुझी पोळी फिरूनच नाही राहिली. तर मलेच बसवलं ओट्यापाशी, मोबाईलवर शूटिंग घेतलं अन थांबवून थांबवून त्याच्यावरून चित्रं काढली. ती बाई म्हंजे मी आहे ताई. मागून. मले जरा बारीक काढलं तिनं — पोरगी गुणाची आहे, हे ध्यानात ठेवा.

दुसरं कॉम्प्युटरवरचं, चपटं. ते तुमाले लगेच समजन. तुमच्याकडे महालक्ष्म्या बसतात ना? मुखवटा वेगळा, हात वेगळे, खाली कोठी, वरून साडी — तसंच ते. डोकं, कोपर, मनगट, सगळं सुटं काढायचं, सांध्यासांध्यावर जोडायचं, मंग नुसतं ओढलं की माणूस हलते. दरवेळी नवीन चित्र नको. पण ओठ मात्र वेगवेगळे लागतात — आ म्हणताना वेगळे, ऊ म्हणताना वेगळे, म म्हणताना मिटलेले. ते पाहायले पोरगी आरशासमोर उभी राहून आऽ ऊऽ मऽ करून राहिली होती, अन आमच्या शेजारच्या पंचफुलाबाई अंगारा घेऊन आल्या. पोरीले बाहेरचं झालं म्हणे. मी लावला अंगारा, आणला होता तर काहून वाया घालवायचा.

तिसरं थ्रीडी. त्यात मूर्ती घडवायची, पण माती न लावता. आधी जाळी — कांद्याच्या पोत्याची असते ना, तशी — मंग आत हाडं, वरून कातडी, मंग दिवे, तेही आतल्याआतच. सगळं झालं की कॉम्प्युटरले म्हणायचं, हं, आता बनव. मंग तो बसते शिजवत, तासन्‌तास. डबा असा तापते ताई, मी एकदा वरून पापड ठेवून पाहिला. नाही वाळला. पोरीनं मात्र माझ्याशी बोलणं जेवणापुरतं ठेवलं.

अन चौथं हे, समोर पाटावर. हे माझं — म्हंजे तिचं. तिचंच. मी नुसती पाय सरकवतो. एवढंसं सरकवायचं, हात बाजूले, फोटो. परत एवढंसं, परत फोटो. सगळे फोटो एकामागं एक पळवले की बैल चालते. गोष्ट अशी आहे, की पोळ्याच्या सकाळी हा नटायले नाही म्हणते — शिंगाले रंग नको, पाठीवर झूल नको — अन पळून बाजारात लपते. पहिला बैल मी वावरातल्या काळ्या मातीचा केला. दरवर्षी करतो ना पूजेले. पण पूजेच्या बैलाले चालायचं नसते. याच्या पाठीवर दुपारपर्यंत भेग, मंग पोटावर, मंग मानच खाली. भेगाळत्या जमिनीत जन्म गेला अन मले हे समजू नये. मंग पोरीनं ती न वाळणारी तेलाची माती मागवली, आत तार घातली, तेव्हा हा उभा राहिला.

बरं, बाजार दाखवायचा तर घरचीच भाजी मांडली — मेथी, सांबार — पोरगी कोथिंबीर म्हणते — वांगे. दिवसभर बैल सरकवला. संध्याकाळी पळवून पाहतो तर बैल झकास, अन मागे मेथी चमकते, विझते, चमकते, अन वांगे आपले जागच्या जागी कुशी बदलून राहिले. पोरगी म्हणे, आई, तू भाजीले हात लावला? मी म्हटलं, नाही बा. लावला होता. पाणी मारलं होतं मी ताई, मधातमधात. अन वांग्याची चांगली बाजू समोर केली होती. बाजारात बसून बसून लागलेली सवय — गिऱ्हाईक नसलं तरी हात पाण्याच्या डब्याकडे जातेच. पोरगी आधी रडकुंडीले आली, मंग जी हसत सुटली. ठेवला तिनं तो तुकडा. म्हणे, बाजार जिता वाटते.

थांबा — मागचा पाय — शेपटी — हं.

याच्याशी बोलतो मी. पंचफुलाबाईनं खिडकीतून ऐकलं — 'मैना, बैलाले काय सांगून राहिली?' काय सांगू त्यांले. पहिल्यांदा हा पडद्यावर दोन पावलं चालला ना, मी गॅसवर दूध ठेवून आली होती. ऊतू जाऊन राहिलं, वास आला, तरी नाही उठली. चाळिशी उलटल्यावर नवीन काही येईन असं वाटलंच नव्हतं मले, गुडघेदुखी सोडून. आता रस्त्यानं लोकांचे पायच पाहत जातो. आकांक्षाचे बाबा आधी खांदा टाकतात, मंग पाऊल. तुमचं सांगू? दारातून आधी पर्स आली, मंग नजर, मंग तुमी.

रागावू नका. तर पोरगी सोडन का. पोरगी तुमी म्हणसान — नाही निघून राहिलं तोंडातून. सकाळपासून घोकलं. नाही सोडणार ताई ती. तुमी म्हटलं तर तुमच्यासमोर हो म्हणन, मान खाली घालून, अन मंग तुमच्या ओट्यापाशी उभी राहून कुढन, मी ओळखतो तिले. अन सोडू बी नये. शिवम चांगला पोरगा आहे, फोनवर बैलाचं नाव काय ठेवलं ते विचारलं त्यानं, मले तिथंच आवडला. असा जावई मले पाहिजे. पण हे सोडून नाही. अन मी बी सोडत नाही — ती तुमच्या घरून फोनवर सांगन, मी इथं बैल सरकवीन. आता हे मी काहून बोलली. माझं तर कोणी विचारलंच नव्हतं. एक वाक्य होतं, एक. आकांक्षाच्या बाबांले आता काय तोंड दाखवू.

निघता? समजलं. नाही — नका उठू. बसा ताई, खाली बसा आधी. हातापाया पडून नाही म्हणत, साडीसाठी म्हणतो. खिडकीचं ऊन तुमच्या साडीवर पडून राहिलं, अन तिचा लाल रंग बैलाच्या पोटावर आला — हे पाहा पडद्यावर. तुमी येण्याआधी पांढरा, आता गुलाबी. असा गोड कधी दिसला नव्हता. आधीचे फोटो फेकून देतो मी, थोडेच होते, पण हे नाही फेकत. तुमी उठल्या की हा चालताचालता फक पांढरा होईन, अन पाहणारे पोरं म्हणतीन, याले काय झालं. पाटाच्या टोकाच्या त्या गव्हाणीपर्यंत पोचू द्या याले, मंग नाही म्हणायचं असन तर खुशाल म्हणा. शेवटची एसटी उशिरा आहे. पदर नका सावरू, होता तसाच राहू द्या. जरा डावीकडे. हाव. आता हलू नका, बोलू नका. मी बी नाही बोलत.