चाप सैल होता

तुळजाबाई : मी भांडायला आले न्हाई, दादा. एवढंच सांगा, चूक तुमची व्हती का न्हाई.

दिगंबरराव : कोणती चूक, बाई? सकाळपासून नऊ जणांच्या बंदुका पुसून दिल्यात. उद्या खंडेनवमी, सगळ्या शहराला आजच शौर्य आठवलंय. तुमचं काय होतं माझ्याकडे दुरुस्तीला?

तुळजाबाई : माझं कुठलं. माझ्या जावयाचं व्हतं. दोन वर्साखाली, ह्याच दिवसांत. हे बघा, पेपराचं कात्रण आणलंय. प्लास्टिकच्या पिशवीत ठिवलंय म्हणून टिकलं.

दिगंबरराव : थांबा, चष्मा लावू दे. ‘पूजेसाठी पतीचे रिव्हॉल्व्हर पुसताना गोळी सुटून विवाहितेचा मृत्यू. खडकवासला परिसरातील बागायतदार व बांधकाम व्यावसायिक जयसिंग...’ हं. बसा. त्या स्टुलावर नको, पाय मोडलाय त्याचा. इकडे बसा.

तुळजाबाई : खालचं वाचा. शेवटचं.

दिगंबरराव : पाठ आहे मला.

तुळजाबाई : तरी वाचा. मला वाचता येत न्हाई. लेकानं वाचून दाखवलं, पन त्यो भरभर वाचतो.

दिगंबरराव : ‘दुरुस्ती करणाऱ्याने चाप सैल ठेवला असावा, असा पोलिसांचा अंदाज आहे.’

तुळजाबाई : मंग? दुरुस्ती करणारा म्हंजी तुमीच ना, दिगंबरराव?

दिगंबरराव : मीच.

तुळजाबाई : मंग म्हणा की, व्हय, चाप सैल व्हता, माझ्या हातनं चुकी झाली. मी शिव्या देणार न्हाई, तळतळाट करणार न्हाई. शालूची आई म्हणून हात जोडते तुमाला. उद्या तिची पोरगी त्या घरी धाडायचीय. त्याच्या आदी मला हे तुमच्या तोंडनं ऐकायचंय.

दिगंबरराव : पोरगी आत्तापर्यंत तुमच्याकडे होती?

तुळजाबाई : दोन वर्सं. नीरजा. आता सात सरून आठवं लागलं. जावयानं दुसरं लगीन केलंय. म्हणतो, घर पुन्हा लागलं, आता पोरगी आपल्या घरी पायजे. तिला मोठ्या शाळंत घालणार हाय. आणि माझा संभाजी म्हणतो, आई, बाप हाय त्यो, न्यायचा त्याचा हक्क हाय.

दिगंबरराव : बरोबरच म्हणतो तुमचा संभाजी. बापच आहे तो.

तुळजाबाई : म्हणून तर आलीय. चूक तुमची असली तर बाप चांगला. मंग मी पोरीला धाडते, दारात उभी ऱ्हाऊन हात हालवते, आणि रातीला झोपते. दोन वर्सं झोप न्हाई, दादा.

दिगंबरराव : बाई, एकेचाळीस वर्षं मी हा धंदा करतोय. माझ्या आधी वडील करत होते. महिन्या-दोन महिन्यांनी पेपरात ही बातमी असतेच. लग्नाच्या वरातीत सुटली, गाडीत बसताना सुटली, कपाटातून काढताना सुटली. त्या छापणाऱ्यांच्या जगात गोळ्या फार हळव्या असतात, जरा कुणी बघितलं की सुटतात. माझ्या दुकानात मात्र एकेचाळीस वर्षांत एक सुटलेली नाही.

तुळजाबाई : मंग पेपरवाले खोटं कशाला लिवतील? त्यांचं काय जातं?

दिगंबरराव : काहीच जात नाही, म्हणून तर लिहितात. तो वार्ताहर घटनास्थळी जात नाही. चौकीत जातो, चहा घेतो, फौजदार सांगतो ते लिहून घेतो. फौजदाराला कोण सांगतं? ज्याचं घर, तो. म्हणजे घरमालकाचं म्हणणं तीन हातांतून फिरून तुमच्या पिशवीत आलं. त्याला आपण बातमी म्हणतो.

तुळजाबाई : ते ऱ्हाऊ द्या. चाप सैल व्हता का, तेवढं सांगा.

दिगंबरराव : रिव्हॉल्व्हर कसं चालतं, माहीत आहे तुम्हाला?

तुळजाबाई : मला नांगर ठावं, इळा ठावं. हे कुठनं ठावं असणार?

दिगंबरराव : थांबा, हे फडकं सोडतो. हे बघा. ही चक्री. सहा घरं. सगळी रिकामी आहेत, तुम्ही मोजा हवं तर. बोट घालून बघा. आता मी ती बंद केली. धरा हातात.

तुळजाबाई : नको ओ.

दिगंबरराव : रिकामं आहे. मी तुमच्या समोर बसलोय, भिंतीकडे धरा. आता हा चाप. ओढा.

तुळजाबाई : हलत न्हाई.

दिगंबरराव : एका बोटानं ओढा. जोर लावून.

तुळजाबाई : लई घट्ट हाय. बोट दुखतंय. आता... आता थोडं आलं. दुसरं बोट लावू का?

दिगंबरराव : लावा.

तुळजाबाई : वाजलं.

दिगंबरराव : वाजलं. तेव्हा गोळी जाते. हा वरचा घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो, हे मी लपवत नाही. पण मग घोडा कुणीतरी ओढलेला असतो. आणि त्याच्याही आधी कुणीतरी डबीतून गोळ्या काढून चक्रीत भरलेल्या असतात. मी दिलं तेव्हा रिव्हॉल्व्हर रिकामं होतं, गोळ्या वेगळ्या डबीत होत्या. पूजेत पुसायला गोळ्या भराव्या लागत नाहीत. आणि खरं सांगू? पुसायला काही उरलंच नव्हतं. आदल्या दिवशी मीच पुसून, तेल देऊन, पिवळ्या फडक्यात गुंडाळून दिलं होतं. पुसलेलं पुन्हा कोण पुसतं?

(तुळजाबाई रिव्हॉल्व्हर मांडीवर ठेवून उजव्या हाताचं बोट चोळत बसल्या. उभा जन्म भांगलणीत आणि धारा काढण्यात गेलेला तो हात. त्यालासुद्धा दुसऱ्या बोटाची मदत घ्यावी लागली होती. शालूचा हात कसा होता, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.)

तुळजाबाई : त्या घरात बायामानसं हत्याराला शिवत न्हाईत, दादा. पूजा गडीमानसं मांडत्यात. बायांनी लांबनं ओवाळायचं. पैल्या वर्सीच शालूनं सांगितलं व्हतं मला, आई, मला तर कपाटाची चावी बी देत न्हाईत.

दिगंबरराव : हे तेव्हा पोलिसांना सांगितलंत?

तुळजाबाई : न्हाई.

दिगंबरराव : का?

तुळजाबाई : संभाजीची चार एकर जावयानं घेतली व्हती प्लॉट पाडायला. कागद व्हायचे व्हते. चौकीत साहेबानं कागद पुढं केला, ‘आमची कुणावर तक्रार नाही.’ संभाजी म्हणाला, आई, अंगठा दे, शालू काय आता माघारी येत न्हाई. मी दिला. मरायच्या आदल्या आठवड्यात शालू आलती. दिवसभर गप बसून ऱ्हायली. मी म्हणलं, सणाचं घर सोडून कशाला आली, जा. मीच तिला एसटीत बसवून दिली.

दिगंबरराव : पाणी घ्या.

तुळजाबाई : आता चला माझ्यासंगं.

दिगंबरराव : कुठे?

तुळजाबाई : चौकीत. आत्ता मला सांगितलं तसं सांगा तिथं. गोळ्या डबीत व्हत्या, पुसायला काय उरलं नव्हतं. मी म्हणते, मला तवा कळलं न्हाई, आता कळलं. तुमी म्हणा, चाप घट्ट व्हता. मंग पोरगी न्यायला कोण येतंय बघते.

दिगंबरराव : बाई, पेपरात माझ्यावर ठपका आला, तरी हे दुकान एक दिवस बंद राहिलं नाही. का, ते विचारलं नाहीत.

तुळजाबाई : का?

दिगंबरराव : कारण मी सही केली. माझ्या परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. चौकीतले साहेब इथे, तुम्ही बसलात तिथेच बसले. म्हणाले, दिगंबरराव, एवढंच लिहा, चाप सैल राहिला असू शकतो. असू शकतो म्हणजे होता असं नाही. तुम्हालाही त्रास नाही, आम्हालाही नाही. मी लिहून दिलं. आयुष्यात एकही चाप सैल ठेवला नाही, आणि कागदावर ठेवला.

तुळजाबाई : मंग आता म्हणा, तवा खोटं लिवलं.

दिगंबरराव : मग आधी मी आत जाईन, खोटा जबाब दिला म्हणून. परवाना जाईल. घरात कुसुम आहे, तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, ते याच दुकानावर चालतं. आणि एवढं करून जयसिंगरावांचा वकील म्हणेल, या म्हाताऱ्याचं कोणतं खरं धरायचं, तेव्हाचं की आत्ताचं? बरोबरच म्हणेल. लाज वाटते, बाई. सांगताना वाटते, सही करतानाही वाटली होती. पण मी येणार नाही.

तुळजाबाई : म्हंजी तुमची सही, माझा अंगठा.

दिगंबरराव : हो.

तुळजाबाई : आनि पेपरात आलं म्हंजी गावाचा इस्वास.

दिगंबरराव : ऐका. तुम्ही आलात तेव्हा जे मागितलंत, ते देतो. चूक माझी होती. चाप मी सैल ठेवला. आता झोपा तुम्ही. पोरीला पाठवा.

तुळजाबाई : आता नको, दादा. आता बोटाला कळलं.

दिगंबरराव : बोलायला नको होतं मी. धंद्याचा ताठा, दुसरं काही नाही. माझ्या कामाला नाव ठेवलेलं मला सोसत नाही.

तुळजाबाई : हे घ्या तुमचं. जड हाय. हे कुणाचं?

दिगंबरराव : गिऱ्हाइकाचं.

तुळजाबाई : कुनाचं?

दिगंबरराव : ठेवा ते इकडे.

तुळजाबाई : दादा, हे बी तुमी पिवळ्या फडक्यातनंच काढलं, मी बघितलं. बोला.

दिगंबरराव : कोर्टातून सोडवून आणलं त्यांनी गेल्या वर्षी. परवा पाठवलं साफ करायला, पूजेसाठी. दुसरं देऊ शकलो असतो तुमच्या हातात. पण तुम्ही याच्याच चापाचं विचारत होतात. दोन वर्षांत त्या चापाची दुरुस्ती कुणी केलेली नाही. जसा होता तसाच आहे.

तुळजाबाई : हेच?

दिगंबरराव : हेच.

तुळजाबाई : मोडून टाका.

दिगंबरराव : आत एक खिळा असतो, तो गोळीवर आपटतो. कानस घेऊन तो घासला तर दोन मिनिटांचं काम. मग हे कधी उडणार नाही.

तुळजाबाई : मंग घ्या की कानस. माझ्यासमोर घ्या.

दिगंबरराव : दिवाळीत ते शेतावर एकदा उडवून बघतात, दरवर्षी. उडालं नाही की इथे घेऊन येतील. आणि मीच नवा खिळा बसवून देईन. मी नाही दिला तर कॅम्पातला कुणी देईल. माझं काम मोडायचं नाही, बाई. नीट करायचं आहे.

तुळजाबाई : मी पोरीला घेऊन कुठंतरी जाऊ का?

दिगंबरराव : कुठे जाल?

तुळजाबाई : त्ये बी खरंच. कुठं जाणार. संभाजीच फोन करून सांगंल, आई इथं हाय म्हणून.

दिगंबरराव : चहा मागवू?

तुळजाबाई : नको. पाचची बस हाय स्वारगेटवरनं. पोरीचे कपडे धुवायचे ऱ्हायलेत. लाल फ्रॉक घालून जायचं म्हणते. बापानं आणलाय. हे हत्यार न्यायला कवा येनार?

दिगंबरराव : उद्या सकाळी. नऊला दुकान उघडलं की. स्वतः येतो म्हणालेत.

तुळजाबाई : आमच्याकडं दहाला येतो म्हणलाय, पोरीला न्यायला.

दिगंबरराव : हो. रस्ता तोच.

तुळजाबाई : म्हंजी एकाच गाडीतनं जायची दोन्ही.