हळदीच्या कार्यक्रमात गाणे मध्येच थांबल्याबाबत

पिंपळगाव बसवंत पोलीस ठाणे, एप्रिल २००८

माझे नाव हर्षाली यादव विधाते, वय २३ वर्षे, धंदा द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर, राहणार पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. मी आज आपण होऊन ठाण्यात आले असून, विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी आई, वडील व थोरला भाऊ ललित यांच्यासह राहते. ललित याचा मंडप व साउंडचा धंदा आहे. गेल्या दिवाळीपासून मी डीजेचे काम शिकत आहे. शिकवणारे कोणी नाही. पॅकहाउसमध्ये माल नसेल तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरवर, साहेबांना विचारून शिकते.

डीजेचे काम म्हणजे नेमके काय, असे विचारले. एक गाणे संपायच्या आत दुसरे त्याच ठेक्यात आणून मिसळायचे, म्हणजे नाचणाऱ्याचा पाय थांबत नाही. याला मिक्स म्हणतात. त्यासाठी सॉफ्टवेअर लागते. मी नाशिकहून सीडीवर तीन सॉफ्टवेअर आणली होती. पहिल्याने कॉम्प्युटरच अडकून पडायचा. दुसऱ्यात गाणी सुरेख मिसळत, पण मिसळलेले रेकॉर्ड होत नसे. मला रेकॉर्ड होणे गरजेचे होते, कारण पॅकहाउसचा कॉम्प्युटर उचलून कार्यक्रमाला नेता येत नाही, आणि आपण केलेले परत ऐकल्याशिवाय चूक कळत नाही. तिसरे सॉफ्टवेअर नुसते चालवून बघण्यापुरते, फुकटचे होते. त्यात रेकॉर्ड होई, परंतु रेकॉर्डमध्येही मधून मधून आवाज आपोआप बंद पडे व काही क्षणांनी परत येई. तरीही मी तेच निवडले.

रेकॉर्ड केलेल्या सीडी मी चंदर गावित यास ऐकायला देत असे. चंदर हा मूळचा सुरगाण्याकडचा असून पॅकहाउसला लागून असलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया गॅसवरचे थंडाव्याचे मशीन चालवतो. ड्यूटी सुटल्यावर तो सीडी ऐके व सांगे, “हर्षा, दुसऱ्या गाण्यावर जाताना पाय अडखळतोय.” मी ती जागा पुन्हा करत असे. आवाज बंद पडतो त्यावर काय करावे, असे मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, “तिथं तूच माईकवर बोल. लोकांना वाटंल, मुद्दामच थांबवलंय.”

चंदरशी माझा काय संबंध, असे विचारले. तो माझी मिक्स ऐकत असे.

रविवारी दुपारी आमच्या गल्लीतील सुवर्णा हिची हळद होती. मंडप कोल्ड स्टोरेजच्या पत्र्याच्या कंपाउंडमागे, मोकळ्या जागेत होता. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला द्राक्षबाग. तो माझा पहिलाच कार्यक्रम होता. ललित म्हणाला, “ते फुटकं रेकॉर्डिंग लावू नको. बाजारातली सीडी लाव गपचूप. लोकं हसतील.” मी माझीच लावली.

पहिल्यांदा आवाज बंद पडला तेव्हा मी माईकवर “हात वर” असे ओरडले. सगळ्यांनी हात वर केले. बायकाही नाचायला उतरल्या. ललितने माझ्याकडे बघून मान डोलावली.

त्यानंतर पुन्हा आवाज बंद पडायची वेळ आली. मी माईक तोंडाशी धरून तयार उभी होते. गाणे थांबले. मी बोलणार तोच कंपाउंडच्या पत्र्यावर लोखंड आपटल्याचे ऐकू आले. पलीकडून कोणीतरी ओरडत होते, “गॅस सुटलाय! रस्त्याकडं पळा! बागंकडं जाऊ नका!” आवाज चंदरचा होता. मी ओळखला. तेवढ्यात गाणे आपोआप परत सुरू झाले व तो आवाज बुडाला. नाचणाऱ्यांपैकी कोणाला काही कळल्याचे दिसले नाही. लहान मुले अगदी कंपाउंडजवळ नाचत होती.

मी सीडी बंद केली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ललित ओरडला, “काय करते? गेलं का परत?” मी माईकवर सांगितले की, कोल्ड स्टोरेजमधला गॅस सुटला आहे, मुलांना उचला व रस्त्याकडे चला. काही लोक हसले. मग वास आला. अमोनियाचा वास आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण एवढा कधी आला नव्हता. डोळे उघडे ठेवता येईनात. लोक बागेकडे पळू लागले, कारण तिकडे मोकळे दिसत होते. आचाऱ्याच्या चुलीचा धूर बागेकडेच जात होता. म्हणजे गॅसही तिकडेच जाणार, हे माझ्या लक्षात आले. मी माईक सोडला नाही. “बाग नाही, रस्ता, रस्ता,” एवढेच बोलत राहिले.

नवरीच्या आंघोळीसाठी पाण्याचे हंडे भरलेले होते. सुवर्णा हळदीच्या अंगाने पाटावरून उठली व लोकांचे टॉवेल, पदर, जे हाती येईल ते पाण्यात बुडवून तोंडाला लावायला देऊ लागली. तिची आत्या सुलाबाई यांना चालता येत नाही. ललितने त्यांना पाठीवर घेतले. सगळे रस्त्यावर आले. काहींना उलट्या झाल्या. कार्यक्रमातील कोणी दगावले नाही.

रस्त्यावर कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर मोबाइलवर बोलत उभे होते. मी त्यांना विचारले, “चंदर कुठं आहे?” ते म्हणाले, “आत कोणी नाही. पळाला असेल.” मी म्हटले, “तो पळायचा नाही.” त्यांनी पाठ फिरवली. मी ओढणी ओली करून तोंडाला बांधली व फाटकातून आत गेले. ललितने मागून येऊन माझा दंड धरला. मी त्याच्या हाताला चावले. त्याने तरी सोडले नाही व मला ओढत बाहेर आणले. फाटकापासून मशीनची खोली दिसते. तिचे दार उघडे होते.

अग्निशमन दलाच्या लोकांनी चंदरला उचलून आणले. गॅसचा व्हॉल्व्ह त्याने बंद केलेला होता व तो त्याच्याखालीच पडला होता, असे ते आपसात बोलत असताना मी ऐकले. चंदर नाशिकला दवाखान्यात आहे. त्याच्या डोळ्यांना पट्ट्या आहेत. त्याला बोलता येत नाही. मी त्याला अद्याप भेटलेले नाही.

मॅनेजरचे म्हणणे मला सांगण्यात आले की, धोक्याचा भोंगा वेळेवर वाजवला होता, परंतु डीजेच्या आवाजात तो ऐकू गेला नाही आणि चंदर मशीन सोडून गेला होता. त्यावर माझे म्हणणे असे की, गाणे थांबले तेव्हा मी पत्र्याचा आवाज ऐकला, भोंगा ऐकला नाही. मी सीडी बंद केल्यापासून सगळे रस्त्यावर येईपर्यंत गाणे चालू नव्हते. तेव्हाही भोंगा वाजला नाही. नंतरही वाजला नाही. भोंगा बरेच महिने नादुरुस्त आहे व मॅनेजरला तसे सांगितले आहे, असे चंदरने मला पूर्वी सांगितले होते.

आज सकाळी मॅनेजर आमच्या घरी आले होते. वडिलांना म्हणाले, “पोरीचं नाव कशाला चौकीत? भोंगा होता, गाण्यात ऐकू आला नाही, एवढंच तिनं म्हणावं. डीजेवर काही येणार नाही, ते मी बघतो.” वडील माझ्याकडे बघत राहिले. ललित म्हणाला, “म्हण ना. तो कोण लागतो आपला?” मी चपला घातल्या व इकडे आले. ललित माझ्या मागोमाग आला आहे.

सगळे रस्त्यावर सुखरूप असताना मी फाटकाच्या आत का गेले, असे विचारले असता मी, चंदर ओळखीचा असल्याने गेले, असे सांगितले व तसे लिहिण्यात आले. जबाब वाचून दाखवला तेव्हा ते वाक्य मी खोडायला लावले. त्या जागी असे लिहावे की, चंदर आणि मी लग्न करणार आहोत. घरी हे कोणाला माहीत नव्हते.

हे वाक्य वाचले जात असताना ललित दारात उभा होता. त्याने ऐकले. मग म्हणाला, “टेम्पोत डिझेल हाय. नाशिकला जायचं असंल तर आत्ता निघू.” हेही लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे. एका ठिकाणी खाडाखोड माझ्या सांगण्यावरून केली असून तिथे मी वेगळी सही केली आहे.

(सही) हर्षाली यादव विधाते